सिलिंडरवरची ‘एक्सपायरी डेट’ : खुलासा

‘गॅस सिलिंडरवर लिहिलेली तारीख उलटली की तो कधीही फुटू शकतो,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच लोकांना पटतो.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला ‘सी-२७’ असं काहीतरी रंगवलेलं दिसतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. पुढचा आकडा वर्षाचा. ही टाकीच्या पुढच्या दाबचाचणीची, म्हणजे टाकी आतला दाब सोसते का हे तपासण्याची, मुदत आहे. आतला गॅस काही दुधासारखा नासत नाही. मुदत संपलेला सिलिंडर दारात आला तर घेऊ नका, बदलून मागा. पण त्या तारखेला तो आपोआप फुटत नाही.

घरातली आग बहुतेकदा गळतीतून लागते. जुनी, तडकलेली नळी; व्हॉल्व्हमधलं झिजलेलं काळं रबरी वॉशर. नवा सिलिंडर जोडल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे महाभाग अजूनही आहेत!

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. एक्झॉस्ट फॅनच्याही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसता भिंतीतला वरचा झरोका उघडून भागत नाही. मग बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.