सर कावसजी जहांगीर सभागृह, मुंबई

दक्षिण मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोर असलेले जुने सार्वजनिक सभागृह. १९९६ पासून येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. रस्त्यापलीकडच्या जहांगीर आर्ट गॅलरीशी (१९५२) त्याची नेहमी गल्लत होते. देणगीदार घराणे एकच, पण संस्था वेगळ्या.

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९११ च्या सुमारास उभे राहिलेले हे सभागृह विज्ञान संस्थेच्या संकुलाचा भाग आहे. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. राजकीय सभा आणि संगीताच्या मैफिली येथे होत. पुढे शहरात वातानुकूलित सभागृहे झाली आणि याची रया गेली: मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या बैठका, लग्नाचे स्वागत समारंभ, अगदी चामड्याच्या वस्तूंचे सेलसुद्धा. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालनचालक केकू गांधी यांनी येथे कलासंग्रहालय व्हावे म्हणून पाठपुरावा केला. नूतनीकरण बारा वर्षे चालले.

वास्तुविशारद रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार बाहेरचे रूप तसेच राखून आतली एकसंध पोकळी वेगवेगळ्या उंचीवरच्या अर्धवर्तुळाकार दालनांत विभागली गेली. प्रेक्षक जिन्यांनी टप्प्याटप्प्याने चढत घुमटाखालच्या दालनापर्यंत पोचतो. जाताजाता खालची दालने पुन्हा दिसत राहतात, आणि मोठे शिल्प वरूनही पाहता येते. सपाट मजल्यांच्या इमारतीत ही गंमत मिळाली नसती.

दालनांचा हाच वक्र आकार चित्रे मांडणाऱ्याला छळतो. अंतर्वक्र भिंतीवर सपाट चौकटीच्या फक्त दोन कडा टेकतात, मध्ये फट राहते. फटीची खोली साधारणपणे चित्राच्या रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. दहा मीटर त्रिज्येच्या भिंतीवर दोन मीटर रुंद कॅनव्हास लावला, तर ती पाच सेंटीमीटर भरते. बहिर्वक्र भिंतीवर उलटे होते: चित्र मध्यावर टेकते, कडा सुटतात आणि धक्क्याने ते डुलते. उपाय दोन: कडांमागे लाकडी ठोकळे, किंवा पुढे उभे केलेले सपाट फलक. फलकांनी जागा खाल्ली जाते, म्हणून ते मोठ्या कामांपुरतेच परवडतात.

दुसरा शत्रू दमट हवा. संग्रहासाठी सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. पावसाळ्यात बाहेर ती ८० च्या वर जाते. वातानुकूलन दिवसा चालू, रात्री बंद असे ठेवल्यास कॅनव्हास रोज सैल-ताठ होतो आणि रंगाच्या थराला भेगा पडतात. सतत थोडी जास्त असलेली आर्द्रता एक वेळ परवडते, पण हा रोजचा चढउतार परवडत नाही. दगडी भिंतीला टेकवलेल्या कागदी कामाला मागून बुरशी धरते, म्हणून मागे हवा खेळायला फट लागतेच. प्रकाश कागदी कामांवर ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक), तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत ठेवतात.

किती दालने कोणाला, हा वादही जुनाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर यांनी संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाखेरीज इतर प्रदर्शनांसाठी केवळ घुमटाचे दालन ठेवण्याच्या निर्णयावर टीका केली, तेव्हा त्यांना भाषणात अडवण्यात आले.

संग्रहालय सोमवारी बंद असते.