गाडीचं आरसी बुक हरवलं? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

आरसी हरवली की लोक धास्ती घेतात ती पोलीस ठाण्याची. खरं तर तेच काम सर्वांत सोपं आहे. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर गहाळ वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. इतरत्र ठाण्यात जाऊन हरवल्याचा दाखला घ्यायचा. त्यात नुसतं ‘गाडीची कागदपत्रं’ असं मोघम लिहू नका. ‘नोंदणी प्रमाणपत्र’ असा स्पष्ट उल्लेख आणि गाडीचा पूर्ण नंबर हवा. आरसी हरवली नसून फाटली किंवा भिजली असेल, तर ती जुनी आरसीच जमा करायची.

डुप्लिकेट आरसीचा अर्ज नमुना २६ मध्ये, परिवहनच्या ‘वाहन’ पोर्टलवरून करायचा. सोबत विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (ते नसेल तर) फॉर्म ६० आणि चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मं, म्हणजे दुचाकीला १५० आणि खासगी कारला ३०० रुपये. स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. एवढ्या कामासाठी घाबरून एजंटाच्या हातात हजारो रुपये ठेवणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

अर्ज अडतो तो बोजावर, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीवर. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरटीओच्या नोंदीत बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. हप्ते संपले की बोजा आपोआप उतरतो, ही समजूत चुकीची आहे. नोंदीत बँक असेल, तर नमुना २६ वर तिची संमती लागते. सही-शिक्का नसलेला अर्ज परत येतो. म्हणून बँकेत जाल तेव्हा त्याच फेरीत बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आणि एनओसीही मागून घ्या, आणि एनओसीवर मुदत छापली आहे का ते तिथेच वाचा. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे जायचं. पतसंस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे. त्यांचा पत्ता सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात मिळतो. हे खिडकीवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ‘त्रुटी’ असा एकच शब्द लिहून अर्ज परत करण्याने कुणाचं भलं होतं?

दुसरी गफलत कार्यालयाची. कायद्याने डुप्लिकेट आरसीचा अर्ज गाडीची शेवटची नोंदणी जिथे आहे त्याच आरटीओकडे करायचा असतो. नागपूरच्या गाडीसाठी पुण्यात रांग लावून उपयोग नाही.

गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांच्या नावाने अर्ज करूच नका, कुणी ‘चालतं हो’ म्हणालं तरी. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. लोक हा तीन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवतात आणि तीस दिवसांचा विसरतात.

अर्ज भरण्याआधी नोंदीतला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते तपासा. ओटीपी त्यावरच येतो. पत्ताही बघा. नवी आरसी टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर जाते, आणि जुन्या भाड्याच्या घरी गेली तर ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत फिरते. थकलेले ई-चलनही आधीच भरून टाका.

तोवर गाडी घरी उभी करून ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी वाहतूक पोलिसांना दाखवली तर ती कायद्याने ग्राह्य आहे. मात्र मोबाइलमध्ये काढलेला आरसीचा फोटो किंवा झेरॉक्स म्हणजे ती नव्हे.