माकडतापाचा हंगाम पावसात ठरतो

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. माकडतापाचे रुग्णही याच महिन्यांत जास्त सापडतात, आणि त्याला कारण आहे. बोंडू वेचायला माणूस झाडाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांच्या थरात, वाकतो, हात घालतो, दमला की तिथेच बसतो. नेमक्या त्याच दिवसांत त्या पातेऱ्यात गोचिडीची अशी अवस्था असते, जी माणसाला चावते आणि डोळ्यांना जेमतेम दिसते.

हा ताप माकड चावल्याने होत नाही. विषाणू आहे फ्लॅव्हिव्हायरस कुळातला, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचा लांबचा नातलग. पण त्याला डास नव्हे, तर गोचिडी वाहून नेतात. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसे आजारी पडली. आधी पीतज्वराची शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास करून हा वेगळाच विषाणू असल्याचे दाखवले. पुढे कित्येक दशके तो कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरताच माहीत होता. २०१२ नंतर मात्र बंदीपूर, वायनाड, निलगिरी असा तो पश्चिम घाटात इतरत्र आढळू लागला. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात रुग्ण सापडले आणि २०१६ मध्ये शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात.

मुख्य वाहक गोचीड आहे हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला जन्मभरात तीनदाच रक्त लागते आणि दर वेळी यजमान नवा असतो. पाऊस लागला की प्रौढ गोचिडी वर येतात आणि गुरे, गवे, सांबर, रानडुकरे अशा मोठ्या जनावरांवर चढतात. पोट भरलेली मादी खाली पडते, पातेऱ्यात शिरते, अंड्यांचा मोठा पुंजका घालते आणि मरते. पाऊस ओसरल्यावर त्यातून सहा पायांच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या अळ्या निघतात. उंदीर, चिचुंद्र्या, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडे हे त्यांचे यजमान. त्यानंतर कात टाकून आठ पायांची निम्फ तयार होते. आकाराने तिळापेक्षाही बारीक. डिसेंबरपासून यांची संख्या वाढत जाते आणि जानेवारी ते मार्च या काळात ती सर्वाधिक असते. माणसाला आजार देणारी अवस्था प्रामुख्याने हीच.

या जातीत अंड्यांतून पुढच्या पिढीत विषाणू जाण्याचे प्रमाण नगण्य मानले जाते. अळी तो उचलते आजारी प्राण्याच्या रक्तातून, आणि कात टाकल्यावरही तो तिच्या शरीरात टिकून राहतो. म्हणून निम्फ धोक्याची. माकड आणि काळतोंडे वानर या दोघांच्याही रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. असे जनावर मेले की अंग थंड होताच त्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात, आणि तेवढी जागा पुढच्या दिवसांसाठी घातक होऊन बसते.

गुरांची भूमिका वेगळी, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. गाई-म्हशींच्या रक्तात हा विषाणू पुरेसा वाढत नाही, त्यामुळे त्यांच्यापासून गोचिडीला लागण होत नाही. पण रानात चरणारे जनावर प्रौढ मादीला रक्त पुरवते, आणि तिथूनच पुढच्या उन्हाळ्यातली पिढी जन्मते. मार्चमध्ये रुग्ण सापडल्यावर धावपळ होते, ती करावीच लागते. पण त्या निम्फच्या आया आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये गुरांच्या कानांत, मानेखालच्या पोळीत, कासेजवळ आणि शेपटाच्या मुळाशी लटकलेल्या असतात. गोचीडनाशक मारायचे ते तेव्हा.

अमिट्राझ हे गोचीडनाशक १२.५ टक्के तीव्रतेचे मिळते. एक लिटर पाण्यात २ मिलि, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत २० मिलि. औषध वाचवायला प्रमाण कमी केले तर कणखर गोचिडी तेवढ्या जगतात आणि त्यांचीच पैदास वाढते. सत्तरीच्या पावसात आणखी एक अडचण असते: फवारून जनावर लगेच बाहेर सोडले की औषध धुऊन जाते. उघडीप पाहावी, जनावर आधी कोरडे करावे, फवारल्यावर अंग सुकेपर्यंत छपराखाली बांधावे. तहानलेले जनावर अंग चाटते, म्हणून आधी पाणी पाजावे. जखमांवर औषध लावू नये आणि हातमोजे घालावेत. दुभत्या गाईचे दूध किती काळ टाळायचे आणि फवारणी किती दिवसांनी परत करायची, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. एकाच गोठ्याने फवारून फारसे साधत नाही. एका रानात चरणारी सगळी गुरे एकाच आठवड्यात झाली पाहिजेत.

बागायतीत गोचिडी आहेत का, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही सर्वेक्षणात वापरतात. साधारण एक मीटर लांब-रुंद पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधायचे आणि पातेऱ्यावरून सावकाश ओढत न्यायचे. दर दहा पावलांना थांबून दोन्ही बाजू तपासायच्या. दंव असताना कापड ओले होते आणि काही चिकटत नाही. भर दुपारच्या उन्हात गोचिडी ओलाव्यासाठी पानांखाली जातात. दंव सुकल्यावरची सकाळ त्यातल्या त्यात बरी. सापडलेली गोचीड नखाने चिरडू नये. चिकटपट्टीवर घ्यावी किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. कापड कोरे निघाले म्हणजे जागा स्वच्छ, असे मात्र नाही. एका पुंजक्यातली सगळी पिल्ले जवळपासच राहतात, त्यामुळे एका झाडाखाली शेकडो आणि शेजारच्या झाडाखाली एकही नाही, असे सहज घडते.

दाट जंगलाच्या पोटापेक्षा त्याची कड जास्त त्रासाची. जंगलाला लागून काजू, खाली कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, मधून गुरांची वाट, अशा तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत माकड, गाय, उंदीर आणि माणूस चौघेही रोज एकाच पातेऱ्यावरून जातात. तोच पातेरा पोत्यात भरून गोठ्यात अंथरायला किंवा माडा-पोफळींच्या मुळाशी घालायला आणला, की गोचीड घरापर्यंत येते. डिसेंबर ते मे या काळात रानातला पातेरा आणणे थांबवावे आणि गोठ्यात भाताचे गवत वापरावे. पातेरा पेटवून देण्याचा उपाय सुचवणारे भेटतात. म्हादई अभयारण्यात मार्च २०२३ मध्ये लागलेल्या आगी पाहिल्यावर तो सल्ला कुणी गंभीरपणे घेऊ नये.

गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते, जवळून जाणाऱ्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखते, आणि स्पर्श होताच चिकटून वर चढू लागते. म्हणजे सुरुवात पावलांपासून होते. गमबूट घालावेत, नाहीतर पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. कपडे फिक्या रंगाचे असले की चढणारा ठिपका दिसतो. डीआरडीओने विकसित केलेले, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल बाधित भागांत आरोग्य खात्याकडून वाटले जाते. ते पायांना, हातांना, मानेला लावायचे. डोळे आणि ओठ टाळायचे. घामाने त्याचा असर उतरतो, तेव्हा सकाळी एकदा लावून दिवसभर निभावणार नाही. घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून कडकडीत गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंग घासून अंघोळ करावी. मग गुडघ्यामागची लवण, जांघ, कंबरेचा नाडीचा पट्टा, काखा, कानांमागची जागा, केसांची मुळे पाहावीत.

चिकटलेली गोचीड काढायची तर बारीक टोकाच्या चिमट्याने, तिच्या पोटाला नव्हे, तर कातडीलगत तोंडाला धरून. सरळ वर, एकसारखा ताण देत, पिरगळायचे नाही. रॉकेल, चुना, जळती काडी यांनी ती चिडते, आणि पोट दाबले की आतला ऐवज जखमेत जाऊ शकतो. नंतर जागा साबणाने धुवावी. ‘२४ तासांच्या आत काढली तर काही होत नाही’ असे इंटरनेटवर वाचायला मिळते. तो हिशेब लाइम या परदेशातल्या जिवाणूजन्य आजाराचा आहे. माकडतापाच्या विषाणूचा जवळचा नातलग असलेला पोवासान विषाणू प्रयोगातल्या उंदरांमध्ये १५ मिनिटांत शिरलेला आहे. आपल्याकडे असा वेळ हाताशी आहे असे धरून चालू नये.

चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो. सोबत कपाळ फुटेल असे दुखणे, अंग ठणकणे, लाल डोळे, उलट्या, जुलाब. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे डेंग्यू समजून चालण्याची चूक सहज होते. म्हणून ताप आल्यावर ‘काजूत जातो’, ‘रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम चाचणीने निदान होते. ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर काही रुग्णांना तो परत येतो, आणि या वेळी डोकेदुखी, कंप, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि तापाला पॅरासिटामॉल एवढ्यावर उपचार उभे आहेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. वेळेत दाखल झालेले बहुतेक बरे होतात, तरी शंभरांत ३ ते ५ रुग्ण दगावतात. माणसाकडून माणसाला लागण होत नाही. जुनी लस होती, तिचे संरक्षण अपुरे ठरले आणि वापर थांबला. नवी लस तयार करण्याचे काम चालू आहे.

कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड वेगळी. ती कुत्र्यांना एर्लिकिया, बॅबेसिया देते आणि माणसाला क्वचित टिक टायफस; माकडतापाशी तिचा संबंध जोडू नये. स्क्रब टायफस तर गोचिडीचा आजारच नाही, तो माइट नावाच्या बारीक जिवाच्या सूक्ष्म अळ्यांमुळे होतो. पण त्यावर डॉक्सिसायक्लिन हे नेमके औषध आहे, म्हणून अंगावर काळी खपली धरलेला व्रण दिसला तर डॉक्टरांना दाखवावा.

रानात किंवा बागायतीत मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, ओढून बाजूला टाकू नये, पुरू नये. मोबाइलवर जागेचे ठिकाण नोंदवून वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. लवकर कळले तर तपासणीसाठी नमुना उपयोगी पडतो आणि भोवताली मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी वेळेवर मारता येते. तोवर त्या बाजूची काजूवेचणी बंद ठेवावी आणि गुरे दुसऱ्या वाटेने न्यावीत.