सरकारसाठी ठेवलेली चोरवाट

कधीही न भेटलेली दोन माणसं सगळ्यांच्या देखत बोलूनही आपसांत एक गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायचा आणि उघडायचा आकडा, ठरवू शकतात, हे १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी दाखवून दिलं. तोवर गुप्तलेखन हा मुख्यतः लष्कराचा आणि हेरखात्यांचा प्रांत होता. आज आपले संदेश आणि बँकेचे व्यवहार अशाच एन्क्रिप्शनवर, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या गुप्तलेखनावर, चालतात. सरकारांचं म्हणणं असं की कुलपं खुशाल वापरा, पण एक किल्ली आमच्याकडेही राहू द्या. मागणी अगदीच वावगी नाही. पळवून नेलेल्या मुलाचा माग काढणाऱ्या पोलिसांपुढे न उघडणारा फोन आला, तर त्यांनी करायचं काय?

अमेरिकेने १९९३ मध्ये यावर तोडगा काढला. फोनमध्ये 'क्लिपर' नावाची चिप बसवायची, तिची ८० बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) किल्ली दोन तुकडे करून दोन वेगळ्या सरकारी यंत्रणांकडे ठेवायची आणि कायदेशीर परवानगी मिळाली तरच ते जोडायचे. कागदावर चोख! बोलणं सुरू होण्याआधी चिप एक ओळखपट्टी पाठवायची. संभाषण उलगडायची किल्ली पोलिसांना तिच्यातूनच मिळणार होती. पण ही पट्टी खरी की बनावट, हे ठरत होतं अवघ्या १६ बिटांच्या पडताळणीवर. १६ बिट म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. संगणकाला हे काहीच नाही. अंदाजपंचे पट्ट्या बनवत राहिलं, तर एखादी खपून जातेच, हे १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवलं. अशी पट्टी लावली की कुलूप शाबूत आणि सरकारची किल्ली निकामी. म्हणजे ज्याला पकडायचं तो निसटणार आणि नाकासमोर चालणाऱ्यावर पाळत राहणार. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली.

ग्रीसमध्ये तर याहून वाईट घडलं. पोलिसांना कायद्याने फोन ऐकता यावेत, अशी सोय तिथल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधल्या सॉफ्टवेअरमध्येच होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी गुपचूप ती चालू केली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. किल्ली बसते का, एवढंच यंत्र बघतं. ती कुणाच्या हातात आहे, हे त्याला कळायची सोय नाही. त्यामुळे 'स्वातंत्र्य हवं की सुरक्षा' हा प्रश्नच मला फसवा वाटतो. चोरवाट ठेवली की दोन्ही जातात.

एन्क्रिप्शन असलं म्हणून पोलीस आंधळे होत नाहीत. कोण कुणाशी, कधी, किती वेळ बोललं, फोन कुठल्या टॉवरच्या टप्प्यात होता, यातलं बरंचसं उघडच राहतं. या नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कुणाच्या सहीने बघायच्या, हे मात्र कायद्याने ठरवता येतं. वाद घालायचा तर इथे घालावा.