पास्चे फामे मोरिएन्तेम (भूक आणि कॅथलिक नीतिविचार)

"उपाशी मरणाऱ्याला खाऊ घाल, नाही घातलंस तर तूच त्याला मारलंस" अशा अर्थाचं जुनं लॅटिन वचन, त्याच्या पहिल्या तीन शब्दांनीच ओळखलं जातं. अन्नदान म्हटलं की आपल्या डोक्यात पुण्य येतं, पण या वचनात पुण्याचा विषयच नाही, ज्याच्याकडे धान्य आहे आणि समोरचा मरतोय हे ज्याला दिसतंय त्याने हात आखडला तर ती हत्या, इतकं सरळ आहे ते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा) ७ डिसेंबर १९६५ ला जाहीर केलेल्या 'गाउदिउम एत स्पेस' या दस्तऐवजात (परिच्छेद ६९) हे आलं आणि तिथून सगळीकडे गेलं.

वचन नक्की कोणाचं यावर बराच वाद आहे. लोक सर्रास मिलानचे बिशप संत अँब्रोज (चौथं शतक) यांचं नाव घेतात. पण त्यांच्या उपलब्ध लिखाणात हे वाक्य जसंच्या तसं दाखवता येत नाही, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. खात्रीने हाती लागतं ते ग्रेशियनच्या 'देक्रेतुम'मध्ये, म्हणजे साधारण ११४० च्या आसपासच्या चर्च-कायद्याच्या संकलनात (भाग पहिला, विभाग ८६). परिषदेने तळटीपेत ग्रेशियनचाच आधार दिला, आणि मजकुरात एकाचं नाव न घेता "धर्मपित्यांचं (म्हणजे चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या आचार्यांचं) वचन" एवढंच म्हटलं, हे जास्त बरोबर वाटतं. कारण अँब्रोजच्या नावावर दुसऱ्याचं जमा होण्याचं पक्कं उदाहरण ग्रेशियनच्याच ग्रंथात आहे: "तू साठवलेली भाकरी भुकेल्याची आहे" हे मूळ ग्रीकमधलं, चौथ्या शतकातले धर्मगुरू संत बेसिल यांचं, रुफिनसने त्याचं लॅटिन केलं, ग्रेशियनकडे ते अँब्रोजच्या नावाने आलं आणि तेराव्या शतकातला धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यानेही तसंच उचललं.

बेसिलने हे नुसतं लिहिलेलं नाही. इ.स. ३६८-६९ च्या सुमारास (काहीजण वर्षभर पुढे धरतात) कॅपाडोशियात भीषण दुष्काळ पडला. तिथलं मुख्य शहर सिझरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी, समुद्रापासून लांब, त्यामुळे बाहेरून धान्य आणायची सोय नाही आणि कोठारवाले भाव चढायची वाट बघत बसलेले. बेसिलने प्रवचनांतून त्यांना धारेवर धरलं, कोठारं उघडायला लावली, भुकेल्यांना एकत्र आणून कडधान्याच्या कढणाचे हंडे चढवले आणि स्वतः वाढलं. मित्र ग्रेगरी नाझियान्झेन यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणात हे सगळं आहे.

याची दुसरी बाजू अक्वायनसने मांडली: जीव जाण्याइतकी गरज असेल तर दुसऱ्याचं उचललेलं अन्न ही चोरी होत नाही, कारण अशा वेळी सगळं सगळ्यांचं असतं (त्याचा मुख्य ग्रंथ 'सुम्मा', भाग २-२, प्रश्न ६६). हे पुस्तकी राहिलं नाही. ३१ डिसेंबर १९४६ ला, कडाक्याच्या थंडीत आणि टंचाईत, जर्मनीतल्या कलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज प्रवचनात म्हणाले की जगायला लागणारं कष्ट करून किंवा मागून मिळत नसेल तर माणूस ते घेऊ शकतो, आणि लोकांनी कोळसा उचलून आणण्याला 'फ्रिंग्जन' असं क्रियापदच करून टाकलं! अनेकजण मर्यादेपलीकडे गेलेत, असंही त्यांनी त्याच प्रवचनात बजावलं होतं, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात दुष्काळ "खून करू नको" या आज्ञेखाली येतो (कॅथलिक मोजणीत पाचवी). उपासमार होऊ देणारा समाज गंभीर अपराधी आणि हावरटपणाने लोकांना भुकेत लोटणारे व्यापारी अप्रत्यक्षपणे मनुष्यहत्या करतात, असं कलम २२६९ मध्ये स्पष्ट आहे. हावरट नफेखोरी, अप्रत्यक्ष का होईना, हत्येत मोजली गेली हे फार महत्त्वाचं आहे.

आपल्याकडचा धागा मुंबईचा. डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी (कॅथलिकांचा जागतिक धार्मिक मेळावा) पोप पॉल सहावे मुंबईत आले, तेव्हा शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा, असं आवाहन त्यांनी पत्रकारांमार्फत जगाला केलं. १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या पत्रात (परिच्छेद ५१) त्यांनी मुंबईचं नाव घेऊन ते परत मांडलं.