लसीकरण नोंदींची पडताळणी, शाळा व अंगणवाडी प्रवेशावेळची (मराठवाडा)

बालकाला अंगणवाडी, बालवाडी किंवा प्राथमिक शाळेत दाखल करून घेताना त्याला वयानुसार देय असलेल्या लसी मिळाल्या आहेत की नाहीत, हे लेखी नोंदीवरून तपासण्याची पद्धत. माता व बाल संरक्षण कार्ड, उपकेंद्राची व अंगणवाडीची नोंदवही आणि खासगी बालरोगतज्ज्ञाची फाइल ही त्यासाठीची नेहमीची साधने होत. काही देशांत ही पडताळणी प्रवेशाची अट आहे. भारतात तशी देशव्यापी अट नाही. मराठवाड्यात तिचे व्यवहारातील रूप राहिलेले डोस हुडकून देण्याचे आहे, प्रवेश अडवण्याचे नाही.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. देवीच्या लसीची सक्ती जर्मन प्रदेशातील बव्हेरियाने १८०७ मध्ये केली आणि डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात १८१० च्या सुमारास चर्चमधील दीक्षाविधीसारख्या प्रसंगी लस टोचल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. त्यामुळे काही अभ्यासक पडताळणीची सुरुवात तेथे मानतात. अमेरिकी ग्रंथकार बहुधा बॉस्टनच्या १८२७ मधील आदेशाकडे बोट दाखवतात, कारण सार्वजनिक शाळेतील प्रवेश लसीशी जोडणारे ते पहिले शहर समजले जाते. त्या शहराच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा १८५५ मध्ये केला. मात्र प्रवेशाची अट आणि नोंदींची पडताळणी या दोन बाबी वेगळ्या धरल्या, तर जर्मन साम्राज्याचा १८७४ चा कायदा अधिक महत्त्वाचा ठरतो. दाखल होणाऱ्या मुलाचे प्रमाणपत्र पाहण्याची जबाबदारी त्याने थेट शाळाप्रमुखावर टाकली आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा लस टोचण्याची तरतूदही केली. आज मुख्याध्यापकाने कार्ड तपासण्याची जी रीत आहे, तिची पूर्वपीठिका या कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत सक्तीची घटनात्मकता तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये आणि शाळाप्रवेशापुरती १९२२ मध्ये मान्य केली; १९८० पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले होते.

भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. १८८० च्या लसीकरण कायद्याचा रोख नगरपालिका आणि लष्करी छावण्यांवर होता. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश मुलखातील कायदे येथे आपोआप लागू नव्हते. मुंबई इलाख्याच्या इतिहासावरून मराठवाड्याबद्दल अनुमान काढणे, जे अनेक संकलनांत आढळते, त्यामुळेच जपून करावे लागते. देवी टोचणारे कर्मचारी गावोगाव फिरत आणि दंडावरचा वण हाच पुरावा मानला जाई. शाळेत कागद दाखवण्याची रीत त्या मानाने अलीकडची आहे. १९७८ मधील विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मधील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम यांनी तिला आधार दिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत लसीकरण ही सहा सेवांपैकी एक असल्याने अंगणवाडीत नाव घालणे आणि डोस पाहणे ही कामे प्रारंभापासून एकाच सेविकेकडे आली.

कायद्याच्या अंगाने पाहता, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील बालकाला वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. त्याच न्यायाने लसीचे कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवता येणार नाही, हे मत ग्राह्य वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविड लसीसंबंधीच्या निकालात कोणावरही लसीची बळजबरी करता येणार नाही असे म्हटले, पण सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. शाळाप्रवेश हा त्या वादाचा विषय नव्हता. केंद्राच्या आदर्श नियमांत जन्मदाखला नसल्यास रुग्णालयाची किंवा आरोग्य सेविकेची नोंदवही, अंगणवाडीचा अभिलेख अथवा पालकाचे प्रतिज्ञापत्र वयाच्या पुराव्यासाठी चालते. परिणामी ग्रामीण शाळेत लसीचे कार्ड पुष्कळदा जन्मतारखेसाठीच उघडले जाते: जनरल रजिस्टरात (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) तारीख उतरवली की ते पालकाच्या हाती परत जाते आणि आतील डोसांचे पान कोणी पाहतही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी दुरुस्तीने त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशाचा पुरावा ठरवल्याने कार्डाचा हा उपयोग ओसरत जाईल.

कार्ड वाचणे हे वाटते तितके सोपे नसते. जन्मतः बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ आणि कावीळ-ब; ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), पोलिओ व रोटा (जुलाबावरची) आणि त्यांपैकी ६ व १४ आठवड्यांना न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) व इंजेक्शनचा पोलिओ; ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस, सोबत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरच्या लसीचा) पहिला बूस्टर (वर्धक डोस); ५ ते ६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, असा क्रम आहे. अखेरचा बूस्टर नेमका पहिलीच्या प्रवेशाच्या वयात येतो आणि सर्वाधिक राहून जाणाऱ्या डोसांत त्याची गणना करावी लागते, कारण दोन वर्षांनंतर कार्ड पेटीत पडते. डीपीटी सात वर्षांपर्यंतच देतात, पुढे टीडी (धनुर्वात व घटसर्पाची लस). डोसांत खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, उरलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे असतात. मोहिमेतील डोस नियमित डोसात धरत नाहीत: २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात ९ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेची लस मिळाली म्हणून नियमित रकाना भरला असे होत नाही. दंडावर बीसीजीचा वण नसणे हाही लस चुकल्याचा पुरावा नव्हे. खासगी फाइलीत तारखेशेजारी कुपीचे स्टिकर चिकटवलेले असते आणि हेक्झाव्हॅलंटच्या (सहा रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) एका सुईत पेंटाव्हॅलंट व इंजेक्शनचा पोलिओ दोन्ही येतात, हे ठाऊक नसलेला शिक्षक दोन्ही रकान्यांपुढे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. ही पडताळणी खरे तर आरोग्य सेविकेचे काम आहे. शिक्षकाने यादी करून द्यावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असावे.

मराठवाड्यात अडचणीचे मूळ बहुधा नोंदीच्या ठिकाणात असते. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने कार्ड माहेरच्या उपकेंद्राचे निघते, त्यावर बाळाच्या नावाच्या जागी आईचे नाव असते आणि पुढचे डोस सासरच्या नोंदवहीत वेगळ्या क्रमांकाने चढतात. यात ऊसतोडीची भर पडते. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नऊ महिन्यांचा डोस फडावरच्या (ऊसतोडीच्या जागेवरच्या) कोपीत (झोपडीत) असताना येतो आणि तेथील आशाताईने दिलेली चिठ्ठी मूळ गावच्या नोंदवहीपर्यंत पोचतेच असे नाही. स्थलांतरित मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे, तिच्यात लसीचा रकाना जोडणे अवघड नसावे. कागद मुळीच सापडत नसेल तर आईच्या सांगण्यापेक्षा उपकेंद्राची जुनी नोंदवही पाहतात. तेथेही नोंद नसेल तर डोस मिळाला नाही असे धरून वयाला लागू असलेली लस देतात, कारण बहुतेक लसींचा एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. राहिलेल्या लसीचे मूल तेथेही हाती लागते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर यांसारख्या शहरांतील खासगी नर्सरी प्रवेश अर्जासोबत कार्डाची छायाप्रत मागतात. यू-विन या संगणकीय नोंदणीमुळे माहेर, सासर आणि फड येथील डोस एका ठिकाणी दिसू शकतात. नोंद मोबाइल क्रमांकावर शोधली जात असल्याने सिम बदललेल्या पालकाने नवा क्रमांक आरोग्य सेविकेकडे नोंदवून घ्यावा लागतो.