गाळ काढल्यावर तलावात काय उरते?

पूर्व विदर्भात उन्हाळा तापू लागला की तलावांच्या पात्रात जेसीबी आणि टिप्पर उतरतात. गाळ उपसला जातो, शेतकरी तो ट्रॅक्टरने नेऊन शेतात पसरतात, आणि कामाचा अहवाल किती घनमीटर गाळ निघाला या आकड्यावर येऊन थांबतो. साठवण वाढवण्यासाठी हे काम गरजेचे आहे, यात वाद नाही. परंतु त्यालाच तलावाचे पुनरुज्जीवन म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. उथळ तलाव जिवंत आहे की नाही, हे त्याच्या खोलीपेक्षा त्याच्या तळाशी काय उगवते यावर अधिक ठरते, आणि तो तळच खरवडून नेला तर तुडुंब भरलेला तलावही जीवसृष्टीच्या दृष्टीने ओसाड राहू शकतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव आणि बोड्या (लहान तळी) हजारोंनी आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजातील जाणकारांनी यांतले अनेक तलाव बांधले. जमिनीचा उतार हेरून मातीची पाळ घालायची, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देईल अशी साखळी जुळवायची आणि त्या पाण्यावर धान पिकवायचे, अशी ती व्यवस्था होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणजे बोलीभाषेत ‘मामा’ तलाव झाले. मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते.

या तलावांचा आकारच मोठा बोलका आहे. पाळीजवळ पाणी खोल असते आणि समोरच्या अंगाला ते हळूहळू उथळ होत जमिनीला मिळते. हा उथळ पट्टा पावसाळ्यात बुडतो आणि हिवाळ्यापासून टप्प्याटप्प्याने उघडा पडतो. पडीक दिसणाऱ्या त्या भेगाळलेल्या चिखलात पाणवनस्पतींच्या बिया आणि कंद पुढच्या पावसाची वाट पाहत पडलेले असतात. हायड्रिला ही वनस्पती तर चिखलात बारीक कंद साठवून कोरडा काळ काढते. यंत्राने वरचा थर सरसकट उचलला की गाळाबरोबर हे बियाणेही शेतात जाते, आणि काठ उभा कापला तर उथळ पट्टा कायमचा नाहीसा होतो.

वनस्पती गेल्या तर बिघडते काय, याचे उत्तर उथळ तलावांच्या अभ्यासातून मिळाले आहे. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडणी केली की पोषकद्रव्यांचे प्रमाण मध्यम असताना उथळ तलाव दोन वेगवेगळ्या स्थितींत राहू शकतो: एक नितळ पाण्याची आणि दुसरी गढूळ पाण्याची. नितळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून पाण्याखालील वनस्पती वाढतात. त्यांची मुळे आणि दाट फांद्या वाऱ्याने गाळ ढवळू देत नाहीत, पाण्यातली पोषकद्रव्ये त्या शोषून घेतात, आणि शेवाळ खाणारे डाफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी दिवसा त्यांच्या आडोशाला माशांपासून वाचतात. वनस्पती अशा रीतीने स्वतःला लागणारा नितळपणा स्वतःच राखतात. त्या नष्ट झाल्या की हेच चक्र उलटे फिरते. गाळ उठतो, सूक्ष्म शेवाळ माजते, प्रकाश खाली पोचत नाही आणि नवी रोपे तग धरत नाहीत. एकदा गढूळलेला तलाव ज्या कारणाने गढूळला ते दूर केल्यावरही आपोआप नितळ होत नाही; त्याला त्या स्थितीतून बाहेर ढकलावे लागते. हा अभ्यास प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशातला आहे, आणि दर उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या तलावांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण प्रकाश, गाळ आणि वनस्पती यांचे नाते दोन्हीकडे तेच आहे.

मामा तलावांचा तोल बिघडवणाऱ्या गोष्टींत दोन ठळक आहेत. पहिली म्हणजे बेशरम. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती तुटलेल्या कांडीपासूनही फुटते, विषारी असल्यामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि म्हणून उथळ पट्टा ती सहज बळकावते. दुसरी गोष्ट मत्स्यबीजाची. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज पुन्हापुन्हा विकत आणून सोडावे लागते. त्यांच्या जोडीला सोडले जाणारे दोन परदेशी मासे मात्र तळावरच घाव घालतात. ग्रास कार्प पाणवनस्पती फस्त करतो आणि कॉमन कार्प अन्न शोधताना चिखल उकरून पाणी गढूळ करतो. याउलट मरळ हा स्थानिक मासा वनस्पतींच्या गर्दीतच थोडी जागा मोकळी करून तरंगती अंडी घालतो आणि नर-मादी त्यांची राखण करतात. वनस्पती गेल्या की मरळाचा पाळणाच हरवतो.

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील काही तलावांवर ढिवर समाजातील मच्छिमार आणि मनीष राजनकर यांच्यासारखे अभ्यासक यांनी मिळून जे काम केले, त्याची सुरुवात म्हणूनच वनस्पतींपासून झाली. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, तळाचा काही भाग नांगरून भुसभुशीत करायचा, आणि पाऊस पडून पाणी साचू लागले की चांगल्या तलावांतून आणलेल्या स्थानिक वनस्पती तिथे लावायच्या, असा तो क्रम आहे. निवडही डोळसपणे केलेली आहे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सेरॅटोफायलम पाण्याखाली वाढतात. कुमुदिनीची पाने वर तरंगतात. इलिओकॅरिससारखे लव्हाळ्याच्या कुळातले गवत उथळ पाण्यात उभे राहते आणि त्याचे कंद सारस पक्षी उकरून खातात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच भागात, म्हणून ही बाब लहान नाही.

यांतल्या व्हॅलिस्नेरियाकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहे. तिची पाने फितीसारखी लांब असतात. बारीक नरफुले तळाशी देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि पाण्यावर तरंगत मादीफुलापर्यंत पोचतात. परागण झाले की मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. असे परागण व्हायला निवांत, मोकळा पृष्ठभाग लागतो, आणि जलपर्णीने झाकलेल्या तलावात तो मिळत नाही. हायड्रिलाची गोष्ट वेगळी आहे: अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती मत्स्यालयांच्या व्यापारातून पोचली आणि तिथे तिच्या निर्मूलनावर मोठा खर्च होतो. कोणती वनस्पती चांगली, हे त्यामुळे तलाव कुठला आहे हे पाहूनच सांगता येते.

गाळ काढूच नये, असा याचा अर्थ नाही. तो पाळीकडच्या खोल भागातून काढावा, उथळ अंगाचा मंद उतार राखावा, तळाचा चिकणमातीचा थर फोडू नये, कारण तो फुटला तर झिरपा वाढतो, आणि शाबूत वनस्पती असलेले काही तुकडे न छेडता सोडावेत, म्हणजे बियाणे तिथूनच पसरेल. पाणलोटातून माती येत राहिली तर काही वर्षांत तेवढाच गाळ पुन्हा साचतो, त्यामुळे वरच्या अंगाचे ओढे आणि त्यांच्या काठची झाडी हाही याच कामाचा भाग मानायला हवा. मोजमापही बदलता येईल. पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे पाहण्याची सेकी चकतीची पद्धत 1865 पासून वापरात आहे आणि ती कोणत्याही मच्छिमार संस्थेला परवडेल. दर हिवाळ्यात ही एक नोंद, पाण्याखालील वनस्पतींनी व्यापलेला भाग आणि जाळ्यात आलेल्या स्थानिक माशांच्या जाती, एवढे जरी घनमीटरांच्या आकड्याशेजारी लिहिले, तरी कोणत्या तलावाचे काम साधले आणि कुठे नुसता खड्डा झाला, हे तीन-चार वर्षांत कागदावरच दिसू लागेल.